काय दिसलं ते सांग

इंदुआत्या घड्याळ वापरत नसे. तिला वेळ विचारली की ती कॅसेटच्या बाजूंमध्ये सांगायची. "आत्या, या मूर्तीचे डोळे कधी होतील?" असं कारखान्याच्या शेठनी विचारलं, तर मान वर न करता ती म्हणे, "अर्धी बाजू." जेवणाची सुट्टी म्हणजे एक बाजू. पेणहून रोह्याला गाडीने जायचं म्हणजे दीड बाजू, आणि गाडी कासूला क्रॉसिंगला अडकली तर पुरती कॅसेट. कारखान्यात नव्याने आलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागायचा. मला चार दिवस लागले.

दहावीची परीक्षा देऊन मी पेणच्या त्या गणपतीच्या कारखान्यात कामाला लागले होते. आमची वाडी निडी स्टेशनच्या वरच्या अंगाला आहे. आई-बाबा वर्षातले सहा महिने वीटभट्टीवर असतात. वाडीतली पहिली दहावी मीच, म्हणून मला भट्टीवर न नेता बहिणीकडे पेणला ठेवलं होतं. माझं काम साच्यातून निघालेल्या मूर्तीचे जोड पॉलिश पेपरने घासायचं. दिवसभर घासून बोटांवरच्या रेघा पुसट होतात आणि पापण्यांवर पांढरी पूड बसते. सगळ्या बायका सारख्याच दिसायला लागतात.

इंदुआत्या मात्र वेगळी दिसायची, कारण ती घासायच्या ओळीत नव्हती. ती आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. पेणमध्ये हे काम बहुतेक पुरुषच करतात. आत्या साठीच्या आसपासची, बारीक, नऊवारीवर पुरुषाचा जुना शर्ट घातलेली. एका लाकडी पाटावर बसून तीन केसांच्या कुंचल्याने ती बुबुळ भरायची. तिच्या उजव्या हाताला एक टेप होता. त्याला धुळीपासून वाचवायला दुधाची पिशवी कापून शिवलेलं झाकण होतं. दुपारी जेवणानंतर रंगाच्या फवाऱ्याचा कंप्रेसर बंद होत असे. मग आत्या ते झाकण काढायची आणि अख्खा कारखाना गप्प व्हायचा.

तिचे नियम दोनच होते. पहिला म्हणजे कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची, मधे पुढे ढकलायची नाही, मधे बोलायचं नाही. कोणी म्हटलंच, "आत्या, ते मघाचं गाणं परत लाव ना," तर ती म्हणायची, "माणूस आवडला म्हणून त्याचं निस्तं नाक कापून घरी नेतेस काय गो? अख्खा माणूस ने." दुसरा नियम, कॅसेट संपल्यावर चांगली की वाईट ते बोलायचं नाही. काय दिसलं ते सांगायचं. डोळे मिटून ऐकलंत, तर काय दिसलं? घासणाऱ्या बायकांना हे छान जमायचं. एकीला विहीर दिसायची, एकीला माहेरची वाट, आणि एकीला प्रत्येक वेळी तिची सासूच दिसायची. आत्या सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि मूर्तीला म्हणायची, "ऐकलास ना, बाबा?"

या कॅसेटी तिला कुठून मिळाल्या हीसुद्धा एक गोष्टच आहे. डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे देशभरातून माणसं यायची. काम संपलं की खोल्या सोडून निघून जायची, आणि मागे राहिलेलं सामान भंगारात जायचं. मोबाइल आल्यावर तर कॅसेटींची पोतीच्या पोती भंगारवाल्याकडे आली. आत्याने त्याच्या मुलीच्या लग्नात बसवायला गणपती रंगवून दिला आणि त्याच्या बदल्यात दोन पोती घरी नेली. बहुतेक कॅसेटींना कव्हर नव्हतं. भाषा बंगाली, तमिळ, इंग्रजी, काय काय. आत्या चौथी शिकलेली. मग तिने स्वतःच नावं ठेवली आणि प्रत्येक कॅसेटवर कुंचल्याने चित्र काढून ठेवलं. एका संथ, लांबून आल्यासारख्या वाजणाऱ्या पिपाणीच्या कॅसेटचं नाव 'म्हशी धुताना'. घोगऱ्या आवाजाच्या गझलांचं नाव 'सुंठ'. पितळी वाद्यं, ढोल, माणसं, सगळे एकदमच सुटलेत अशी एक होती, तिचं नाव 'पोपटी', कारण आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी, बटाटे सगळं एकाच मडक्यात घालून भाजतात, तसं ते होतं.

कारखान्यात नवीन आलेल्याला आत्या एकच विचारायची. "तुझी कंची?" म्हणजे तुझी आवडती कॅसेट कोणती? ती आणायची आणि सगळ्यांना ऐकवायची. मला हे विचारलं तेव्हा मला घाम फुटला. आमच्या घरी टेप कधी नव्हता. गाणी म्हणजे हळदीला डीजेवर वाजतात ती. पण नाही म्हणायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी मी दाजींचा मोबाइल मागून आणला आणि फुकटच्या ॲपवर हळदीच्या गाण्यांचा एक अल्बम लावला. दोन गाण्यांनंतर डोक्याला लावायच्या तेलाची जाहिरात सुरू झाली. ती संपली, एक गाणं झालं, की परत तेल. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. एकजण म्हणाली, "वनिताचा नवरा बघा तेलकट मिळनार!"

"गप," आत्या म्हणाली. "मधी बोलायचं नाय ठरलंय ना? तेलवाला बी गातोय. गाऊ दे त्याला."

अख्खा अल्बम जाहिरातींसकट ऐकला गेला. मग आत्याने कुंचला बाजूला ठेवून मला विचारलं, "आता तू सांग. काय दिसलं?"

मी म्हटलं, "काही नाही दिसलं. मला लाज वाटत होती."

आत्या बायकांकडे वळून म्हणाली, "बघा गो, ही खरं बोलली. उद्यापास्नं बाजू हिनं पालटायची."

बाजू पालटण्याचं काम साधं नव्हतं. आखणीच्या मधोमध आत्याला हात हलवता येत नसे, आणि रंगाचे हात टेपला लागलेले तिला चालत नसत. म्हणून बाजू संपली की खटका पडायच्या आत उठायचं, कॅसेट काढायची, उलटायची, दाबायची, आणि आवाज न करता बसायचं. त्यासाठी मला आत्याच्या पाटाशेजारी एक उलटी बादली मिळाली. दोन उन्हाळे आणि मधल्या सगळ्या सुट्ट्या मी त्या बादलीवर काढल्या. घासायचं काम तिथेच बसून करायचं. मला आत्याची सगळी नावं पाठ झाली. कुठल्या कॅसेटची फीत कुठे सुरकुतलीय तेसुद्धा. आत्या कॅसेट एकदा ऐकली की वर्षभर बाजूला ठेवायची आणि मग परत काढायची. "कॅसेट तीच गो," ती म्हणायची, "पण या वर्साचा कान निराळा." आणि खरंच, पहिल्या उन्हाळ्यात मला 'सुंठ' कंटाळवाणी वाटली होती. दुसऱ्या उन्हाळ्यात तीच ऐकताना बाबा भट्टीवरून आल्यावर पायरीवर बसतात तसे दिसले आणि माझा हात घासता घासता थांबला.

त्या कारखान्यात, नाही, त्या वयात, मला स्वतःची अशी एवढी एकच जागा होती. म्हणून पुढचं सगळं सांगताना मी स्वतःला माफ करत नाहीये, फक्त सांगतेय.

बारावीनंतर मी वाडीवर राहायला परतले आणि रोह्याला कॉलेजला जाऊ लागले; रविवारी आणि सुट्टीत मात्र कारखान्यात यायची. वर्गात तन्वी होती. वरसेला नव्या सोसायटीत राहणारी, वडील कंपनीत कायम. तिच्या गळ्यात सतत मोठे हेडफोन असत. ती चांगली मुलगी होती, हे मी मुद्दाम लिहिते, कारण ती वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. एकदा लायब्ररीत तिने मला विचारलं, "तू कसलं म्युझिक ऐकतेस?" आणि माझ्याकडे पहिल्यांदाच या प्रश्नाला उत्तर होतं. मी तिला 'म्हशी धुताना'बद्दल सांगितलं, 'पोपटी'बद्दल सांगितलं, आत्याबद्दल सांगितलं. तिचे डोळे मोठे झाले. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. पुढच्या रविवारी मीच तिला पेणला घेऊन गेले. मीच.

"नमस्ते आंटी," तन्वी म्हणाली.

"आंटी गेली पनवेलला," आत्या म्हणाली. "मी आत्या. बस."

त्या दिवशी मी मुद्दाम 'म्हशी धुताना' लावली. अर्धी बाजू झाल्यावर तन्वीने मोबाइल टेपसमोर धरला. दहा सेकंदांत त्यावर नाव आलं, फोटो आला. जगभर गाजलेला अमेरिकेतला कोणी मोठा वादक होता. ती पिपाणी नव्हती, सॅक्सोफोन होता. आत्याने स्वतःचाच नियम मोडला आणि ती मधेच बोलली. "बघू! हा काय तो? एवढा काळा कोट घालून वाजवतो?" तिने चष्मा सरकवून तो फोटो कितीतरी वेळ पाहिला. "एवढ्या लोकांना ठावा हाय, आन् मला भंगारात मिळाला. त्याच्याकडं बी म्हशी होत्या काय गो?"

सगळे हसले. मीही हसले. पण बाजू संपायला अवकाश असतानाच मी पालटायला उठले.

त्यानंतर दोन महिने तन्वी दर रविवारी आली. तिने एकेका कॅसेटचं खरं नाव, खरं गाव शोधून काढलं. आत्या चित्रांच्या बाजूला ती नावं तन्वीकडून लिहून घेऊ लागली. मला लिहिता येत होतं. पण ती खरी नावं मला कुठे माहीत होती लिहायला? तन्वी तिचे अल्बमही आणायची. कधी नुसता पियानो, कधी किंचाळणाऱ्या गिटारी. एकदा तिने रॅपचा अल्बम आणला. आत्याने तो शेवटपर्यंत ऐकला आणि नाव ठेवलं, 'बिनतिकिटाचा'. "टीसीनं धरल्यावर माणूस कसा एका दमात सगळं सांगतो, तसा सांगतोय. पण खरं सांगतोय हां," ती म्हणाली. तन्वी टाळ्या वाजवून हसली. आत्याला तिचं हसणं आवडतं हे मला दिसत होतं. मी जोरजोरात घासत होते.

मग दिवाळीच्या सुट्टीतल्या एका रविवारी तन्वीने ब्लूटूथ स्पीकर आणला. "आत्या, आता मधे उठायलाच नको. सलग चालतो हा. बाजू पालटायची भानगडच नाही."

ती हे माझ्या समोर, मला मदत केल्यासारखं म्हणाली. टेपवर दुधाच्या पिशवीचं झाकण चढलं. मी बादलीवर बसून होते, पण आता त्या बादलीला काही अर्थ नव्हता. ती नुसती बादली होती. चार दिवसांनी मी आपणहून उठून घासणाऱ्या बायकांच्या ओळीत जाऊन बसले. मला वाटत होतं आत्या हाक मारेल. तिने त्या दिवशी मारली नाही. दुसऱ्या दिवशी पाणी प्यायला उठली तेव्हा माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाली, "जळ गो, जळ. माणसानं जळावं बी. पण धूर नको करू. मूर्त्या काळ्या पडतील."

मी म्हटलं, "मी कशाला जळू?"

"तेच ना," ती म्हणाली, आणि पाणी प्यायला गेली.

माझं एकच समाधान होतं. एक कॅसेट अशी होती जिच्यापुढे तन्वीच्या मोबाइलने हात टेकले. एक बाई गाते, सोबत कसलंसं तारेचं वाद्य. भाषा कुणालाच कळत नव्हती. कदाचित कोणीतरी घरीच भरलेली असेल. तन्वीने तीनदा मोबाइल धरला आणि तीनदा काहीच सापडलं नाही, असं आलं. तिची अर्धीच ऐकून झाली होती, तेवढ्यात तिच्या गाडीची वेळ झाली आणि ती गेली. आत्या त्या कॅसेटला 'रुसलेली' म्हणायची, आणि तेवढी एकच वर्ष न थांबता परत परत लावायची. माझी सगळ्यात आवडती तीच. तिला दुसरं नाव मिळालं नाही याचा मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी निडी स्टेशनपासून वाडीपर्यंत पळत गेले.

पुढच्या वर्षी आत्याची साखर फार वाढली. पाय सुजले, डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं. बुबुळं दोनदा चुकली तेव्हा ती स्वतःच पाटावरून उठली आणि शेठना म्हणाली, "आता देवाला आंधळं करीन मी." त्यानंतर ती भाचीकडे, रंजनाताईंकडे, घरीच असायची. कारखान्यामागेच त्यांचं घर होतं. तन्वीचे क्लास सुरू झाले होते, तिला रविवारी येता येईना. मी मात्र दर रविवारी निडीहून जायची. मला बरं वाटायचं, हे लिहायला लाज वाटते, पण आत्या आजारी होती आणि मला बरं वाटायचं. परत आम्ही दोघीच होतो.

अशाच एका रविवारी तिने उशाखालून रंगाच्या फडक्यात बांधलेली एक पुडी काढून माझ्या हातात दिली. "ही तन्वीला दे. तिच्या आजोबांचा टेप हाय म्हणाली होती, चालू हाय अजून. तिची अर्धीच ऐकायची राहिलीय. म्हणावं, पुरती ऐक आन् काय दिसलं ते सांगून धाड."

फडकं न सोडताच मला कळलं. 'रुसलेली' होती.

सोमवारी कॉलेजला जाताना ती माझ्या बॅगेत होती. तन्वी समोरच्या बाकावर होती. तास संपला, दुसरा संपला. मी ती काढली नाही. संध्याकाळी घरी आणून ती मी पत्र्याच्या डब्यात, माझ्या मार्कशीटच्या खाली ठेवली. ठेवताना मी स्वतःला सांगितलं की उद्या देईन.

रविवारी आत्याने दारातच विचारलं, "दिलीस?"

"दिली."

"ऐकली तिनं?"

"ऐकली."

"मंग? काय दिसलं तिला?"

आता मला काहीतरी सांगणं भाग होतं. माझ्याकडे टेप नव्हता, पण ती कॅसेट मला पाठ होती. मी खाली बघत म्हटलं, "ती म्हणाली... बाई उंबऱ्यावर बसलीय. आत सगळे जेवायला बसलेत. तिला कोणीतरी हाक मारावी म्हणून ती गातेय, पण हाक ऐकू यावी म्हणून हळू गातेय."

आत्या उशीला टेकली. तिच्या अंधुक डोळ्यांत पाणी आलं. "काय कान हाय पोरीला," ती म्हणाली. "रंजू, ऐकलंस काय गो? वरसेची पोर काय म्हणाली ऐक."

ते मला दिसलेलं होतं. कितीतरी वर्षं मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण बाजू पालटणारीची पाळी सगळ्यांच्या शेवटी यायची आणि त्याआधीच कंप्रेसर सुरू व्हायचा. आणि आता ते तन्वीच्या नावावर गेलं होतं. मी नेऊन ठेवलं होतं.

इथे थांबायला हवं होतं. पण आत्या पुढच्या रविवारीही विचारायची. "दुसरी बाजू ऐकली तिनं?" मग मी सांगायची, दुसऱ्या बाजूला तिसऱ्या गाण्यात ती बाई मधेच थांबते ना, तेव्हा तन्वीला वाटलं की ती दार उघडायला उठली, आणि दारात कोणीच नव्हतं. आत्या ते रंजनाताईंना सांगायची, भेटायला आलेल्या शेठना सांगायची. तन्वीचं कौतुक करताना तिचा आवाज आजारी वाटायचा नाही. मी समोर चहाचा कप धरून बसलेली असायची, आणि मला तन्वीचा असा राग यायचा की काय सांगू. माझेच शब्द, आणि मी त्यांच्यावर जळत होते.

मग तो रविवार आला. आत्याने रंजनाताईंकडून कॉटखालची पत्र्याची पेटी ओढून घेतली. सगळ्या कॅसेटी त्यात होत्या. "मी ठरवलंय," ती म्हणाली. "ही तन्वीला द्यायची. जिला एवढं दिसतं, तिच्याकडंच राहू दे. वनिते, तू एकटीनं नको उचलू, जड हाय. तिच्या बापाला सांग गाडी आणायला."

मी पश्चात्ताप होऊन खरं बोलले असं मला लिहिता आलं असतं. पण तसं झालं नाही. पेटी जाईल म्हणून मी बोलले.

"आत्या, तिने ऐकलीच नाही. मी दिलीच नाही तिला. ते सगळं मला दिसलेलं होतं. माझं होतं ते."

माझी अशी खात्री होती की आता आत्या मला जवळ घेईल. म्हणेल, अगो म्हणजे तो कान तुझा होता. मी त्याची वाट बघत होते. आत्याने तोंड भिंतीकडे केलं. बाहेर कंप्रेसर चालू होता, तो बंद होईपर्यंत ती तशीच होती.

मग म्हणाली, "म्हंजे तिची अजून ऐकायचीच हाय."

"हो."

"तीन महिने मी सगळ्यांना सांगत व्हती, त्या पोरीला काय दिसलं म्हणून. आन् तिला ठावंच नाय."

"आत्या, पण मला दिसलं ते—"

"तुला दिसलं ते तुझ्या तोंडानं का नाय सांगितलंस गो?"

"बादलीवर बसवल्यापासून तू मला विचारलंसच नाहीस कधी."

ती माझ्याकडे वळली. "घरच्याला कोन विचारतं, भाजी कशी झाली म्हणून?" ती म्हणाली. "चुकलं माझं. पण तुझं त्याच्याहून जास्त चुकलं. जा. उद्या तिला दे. ती काय म्हणते ते मला येऊन सांग. तिचं सांग. पेटीचं मंग बघू."

सोमवारी मी तन्वीला कॅसेट दिली आणि सगळं सांगितलं. ती काही ओरडली नाही. "तीन महिने?" एवढंच म्हणाली आणि तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. शुक्रवारी शेवटच्या तासानंतर ती माझ्याजवळ आली. आजोबांच्या टेपवर तिने ती दोनदा ऐकली होती, न थांबता.

"आत्यांना सांग," ती म्हणाली, "मला ती रुसलेली वाटलीच नाही. तिच्या मांडीवर बाळ झोपलंय. ते उठू नये म्हणून ती असं दबून गातेय. आणि ती मधेच थांबते ना? तेव्हा बाळाने कूस बदलली."

इतकी वर्षं मी ती कॅसेट ऐकली होती. मला उंबरा दिसला, दार दिसलं, आतली जेवणारी माणसं दिसली. मांडी दिसली नव्हती. आणि तन्वीने सांगितल्याक्षणी ती बाई माझ्या मनात तशीच गायला लागली. तिला दुसरं काही करताच येईना.

संध्याकाळी रोह्याहून पेणकडे जाणारी गाडी होती. मी तिच्यात बसले, आणि निडीला उतरले. सरळ पेणला जाता आलं असतं. पण हे वाक्य घेऊन आत्याकडे धावत जायची माझी इच्छा नव्हती. आत्याचा चेहरा कसा होईल ते मला माहीत होतं. मी म्हटलं, एक दिवस. एक दिवस तरी ते वाक्य तिला कळायला नको. उद्या जाऊ.

शनिवारी सकाळी मी पोहोचले तेव्हा कारखाना बंद होता आणि रंजनाताईंच्या दारात माणसं उभी होती. आत्या पहाटे गेली होती. शेठ मला म्हणाले, "काल संध्याकाळी तुझं नाव काढत होती. वनिता आली काय, ती काहीतरी सांगायला येनार हाय म्हणाली."

पेटी अजून रंजनाताईंच्या घरी कॉटखालीच आहे. ती कुणाची ते ठरलं नाही, आणि आम्ही दोघींनीही विचारलं नाही.

दहाव्याला तन्वी तिच्या वडिलांबरोबर आली होती. पाणी देऊन झाल्यावर ती माझ्याजवळ आली. तिचे डोळे लाल होते. "सांगितलंस ना आत्यांना?" तिने विचारलं. "काय म्हणाल्या?"

मी हो म्हणाले. मी म्हटलं, "आत्या रडली. म्हणाली, काय कान हाय पोरीला."

तन्वीने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

हे तिने वाचलं तर तिला कळेल. आत्याने तिचं वाक्य कधीच ऐकलं नाही, आणि ते कौतुक आत्याने केलं होतं ते माझ्या वाक्याचं. पण तिने ऐकलं असतं तर ती तन्वीला हेच म्हणाली असती, याबद्दल मला जराही शंका नाही. कदाचित माझ्या वाक्याला म्हणाली त्याहून मोठ्याने म्हणाली असती. तेवढं मात्र मला अजून सहन होत नाही.